बायच्या गुडघ्याएवढी उंची

घाडीकाका कुठलंही लोखंड दिसलं की आधी त्यावर बोटाच्या पेराने टकटक करत आणि मान तिरकी करून आवाज ऐकत. जिन्याचा कठडा, पाण्याची टाकी, रस्त्याकडेला उभी केलेली कुणाची नवी कोरी मोटार, काहीही. ऐकून झालं की दोन शब्दांत निकाल. मी हौसेने घेतलेलं लोखंडी कपाटही त्यांनी असंच वाजवून पाहिलं होतं आणि "डबो आसा" एवढंच बोलून चहा प्यायला बसले होते. ते कपाट अजून माझ्याकडे आहे, धडधाकट आहे, पण त्याचं दार उघडताना मला आजही थोडं ओशाळल्यासारखं होतं.

लालबागच्या आमच्या चाळीत ते तळमजल्यावर राहत. चाळीच्या मागे, बंद पडलेल्या गिरणीच्या भिंतीला लागून, पत्र्याची एक शेड होती. ती त्यांची. त्याच गिरणीत ते फिटर होते. गिरणी गेल्यावर भिंतीच्या अलीकडे आले आणि जीपा, टेम्पो दुरुस्त करू लागले. लग्न केलं नाही, मदतनीस ठेवला नाही. दुसऱ्याचा हात लागला की यंत्राचा आवाज बदलतो, असं त्यांचं म्हणणं. मी विमा कंपनीत आधी कारकून आणि मग त्याच टेबलामागे जरा मोठा कारकून. चाळीतले अर्ज, दाखले, तक्रारी माझ्याकडे यायच्या. घाडीकाका वयाने माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठे, तरी मला 'सायबानू' म्हणत. त्यात आदर किती आणि टपली किती, हे मला तीस वर्षांत ठरवता आलं नाही.

त्यांचं एक वाक्य अख्ख्या चाळीला पाठ होतं. "गंजार रंग मारणा म्हणजे खोटा बोलणा." एका वर्षी विसर्जनाच्या आदल्या दिवशी गल्लीतल्या मंडळाची मुलं गणपतीची ट्रॉली घेऊन आली. जरा हात फिरवून द्या, रंग आम्ही आणलाय, म्हणाली. काकांनी चाकांच्या आसावर टकटक केली, रंगाचा डबा पायाने बाजूला सारला आणि करवत काढली. दुसऱ्या दिवशी मिरवणूक तीन तास रखडली. ढोलवाले वाट बघून दुसऱ्या मंडळाकडे निघून गेले, अध्यक्षांनी शेडच्या दारात येऊन नाही नाही ते ऐकवलं, आणि हा माणूस मान खाली घालून नवा आस बसवत होता. काम संपल्यावर काकांनी कापलेला जुना आस उचलून फरशीवर आपटला. त्याचे दोन तुकडे झाले. अध्यक्षांनी ते पाहिलं, पण पुढच्या वर्षी ट्रॉली त्यांनी भायखळ्याला नेली.

ही गोष्ट मी पाहुण्यांना काकांचं कौतुक म्हणून सांगत असे. आता सांगवत नाही.

बाय म्हणजे काकांची थोरली बहीण. बालविधवा, सगळा जन्म गावच्या घरात एकटीने काढलेला. घाडींची वाडी सिंधुदुर्गात एका डोंगराच्या माथ्यावर आहे. रिक्षा पायथ्याशी थांबते. तिथून पुढे घाटी, म्हणजे दगडधोंड्यांची चढणीची वाट, आणि मधे एक वहाळ, म्हणजे ओढा. तीन वर्षांपूर्वी ऐन गणपतीत बाय मागच्या पडवीत पाय घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. गणपती होते म्हणून मुंबईची मुलं वाडीत होती. चौघांनी खुर्चीला बांबू बांधले आणि तिला खांद्यावरून खाली आणलं. परळला ऑपरेशन झालं आणि बाय काकांच्या खोलीत राहायला आली. वॉकर धरून खोलीतल्या खोलीत चालायची, तेवढंच. घाटी चढायचं आता विसरा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

ती मात्र पहिल्या दिवसापासून घरी जायचं म्हणत होती. शेजारणीकडे ठेवलेली गाय, दाराशी असलेले दोन फणस, चुलीवरची तिची काळी कढई, हे सगळं तिच्या बोलण्यात रोज यायचं. पुढच्या गणपतीत मुलं पुन्हा येतील, तशीच खुर्चीतून वर नेतील, असं सगळ्यांनी सुचवलं. मीही सुचवलं. बायने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि भावाकडे वळून म्हणाली, "रामा, चौघांच्या खांद्यार मी येकदा इलंय. आता जित्यापणी परत नाय. मी बसान जातलंय."

काकांनी तिच्या वॉकरवर टकटक केली आणि बाहेर निघून गेले.

गावाकडच्या भाड्याच्या जीपवाल्यांना त्यांनी विचारून पाहिलं. दोघांनी घाटीचं नाव ऐकताच हात जोडले. तिसरा पायथ्यापर्यंत जाऊन बघून आला आणि त्यानेही जोडले. पंधरा दिवसांनी काकांनी माझगावहून एक पिकअप दोरखंडाने ओढून आणली. गोदीला माल पुरवणाऱ्या एका म्हाताऱ्या ठेकेदाराच्या वखारीत ती वीसेक वर्षं पडून होती. जीपच्याच कुळातली, पुढे दोघांची केबिन, मागे माल टाकायचा हौदा, आणि चारही चाकांना जोर देणारा गिअर. हौद्यात पिंपळाचं हातभर रोप उगवलं होतं. दरवाज्याला हात लावला की गंजाचा पापुद्रा हातात यायचा. मला ती बघून हसू आलं, आणि ते काकांनी पाहिलं. "हसा, सायबानू," म्हणाले, "पण कागद नीट ठेवा."

कागद म्हणजे उंदराने कडा खाल्लेलं आर. सी. बुक. मी ते प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातलं आणि गाडीचा नंबर, इंजिनचा नंबर, चासीचा, म्हणजे सांगाड्याचा, नंबर एका कोऱ्या कागदावर सुवाच्य अक्षरात उतरवून काढले. एवढी जुनी गाडी रस्त्यावर आणायची तर नव्याने पासिंग, म्हणजे सरकारी तपासणी, करून घ्यावं लागेल, ते आधी बघू या, असं मी म्हणालो. काकांचा क्रम ठरलेला होता. आधी लोखंड, मगे रंग, मगे कागद. माझा क्रम नेमका उलटा, पण गाडी माझी नव्हती.

पुढचे आठ महिने शेडमध्ये जे चाललं ते मी रोज संध्याकाळी बघायला जात असे. गाडीचा स्क्रू न् स्क्रू सुटा झाला. बाय शेडच्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीत बसायची. ती नुसती बसत नसे, घाटी सांगत असे. डोक्यावर भारे घेऊन साठ वर्षं ती त्या वाटेने चढली-उतरली होती. तिला एकूण एक दगड पाठ होता. वडाखालचा दगड गुडघ्याएवढा, त्याच्या पुढचा आडवा, मग डावीकडे वळण, तिथे पाय निसटतो, वहाळात पाणी पोटरीपर्यंत. काका खडूने फरशीवर रेघा मारत. दोघांची भांडणं व्हायची. काका म्हणायचे, तो दगड डावीकडे होता. बाय म्हणायची, तू बारा वर्षांचा असताना मुंबईला गेलास, तुला काय ठाऊक. मग एक दिवस काकांनी टेप घेतली आणि खुर्चीत बसलेल्या बायच्या जमिनीपासून गुडघ्यापर्यंतचं माप घेतलं. गाडीचं पोट जमिनीपासून तेवढं उंच हवं, असं ठरलं. वडाखालच्या दगडाला ते घासता कामा नये.

त्यासाठी त्यांनी चाकांवरच्या दणके झेलणाऱ्या कमानींत जास्तीचे लोखंडी पाटे घातले आणि ट्रॅक्टरसारख्या नक्षीचे जाड टायर मिळवले. मी घाबरलो. गाडीत असले बदल करायला परवानगी नसते, पासिंगला अडवतील, हे मी त्यांना तीन वेळा वाचून दाखवलं. त्यांच्याकडे उत्तर तयार होतं. पासिंगला साधी चप्पल घालायची आणि गावाला गेल्यावर बूट. खरोखरच त्यांनी जुने टायर आणि जुने पाटे बाजूला जपून ठेवले होते. शेवटी आत चढायला बायसाठी एक पायरी केली, शिवणयंत्राच्या पायपट्टीची. आणि तिच्या मोडलेल्या खुब्याला दणका बसू नये म्हणून सीटखाली चार स्प्रिंगा बसवल्या. बाय त्या सीटवर पहिल्यांदा बसली तेव्हा कुठेतरी पाहुणी म्हणून गेल्यासारखी हात मांडीवर ठेवून अवघडून बसली होती. मग हळूच दोन वेळा वरखाली झाली आणि लाजली.

पासिंगच्या दिवशी गाडीला साधी चप्पल होती. राखाडी रंग असा लागला होता की त्यात तोंड दिसावं. बाय हट्टाने बरोबर आली, नवं नऊवारी नेसून, मांडीवर गाठोडं घेऊन. पासिंग झालं म्हणजे लगेच निघायचं नाही, हे तिला समजावून सांगितलं होतं, तरी गाठोडं होतंच. गाड्यांच्या ऑफिसात रांगेतले ड्रायव्हर आपापल्या गाड्या सोडून आमची पिकअप बघायला आले. तपासायला आलेले साहेब तरुण होते, हसरे होते. त्यांनी दिवे पाहिले, ब्रेक पाहिले, इंजिनचा आवाज ऐकून काकांना चक्क नमस्कार केला. मग चासीवर जिथे नंबर कोरलेला असतो तिथे पेन्सिलचा ठसा घ्यायला ते वाकले. कागद धरून पेन्सिल घासली. कागद सगळा काळा झाला. नंबर उमटलाच नाही.

केबिनमध्ये पत्र्याची नंबरपट्टी होती. काकांनी ती घासूनपुसून सोन्यासारखी केली होती, तीच त्यांनी दाखवली. साहेब म्हणाले, पट्टी दोन स्क्रूंवर असते, ती कुणीही बदलेल. चासीवर कोरलेला आकडा पाहिजे. मग त्यांनी हाताने चाचपून पाहिलं आणि काकांना विचारलं, की इथे नवं लोखंड जोडलंय का.

जोडलं होतं. उजव्या बाजूला पुढे, मनगटापासून कोपरापर्यंत भरेल एवढा तुकडा गंजून गेला होता. काकांनी तो कापून टाकला, त्याच मापाचं नवं लोखंड बसवलं आणि वेल्डिंगची रेघ अशी घासली की बोटालासुद्धा लागू नये. नंबर त्या कापलेल्या तुकड्यावर होता, गंजाच्या थराखाली. कुणी दुसरा मिस्त्री असता तर वरून रंग मारून मोकळा झाला असता, आणि त्या रंगाखालून का होईना, नंबर सापडला असता. जन्मभर गाड्या दुरुस्त केल्या, पण पासिंगचं काम नेहमी मालकाचा एजंट बघायचा, काकांचा त्याच्याशी संबंध आला नव्हता. आणि मी? मी तो नंबर पाठ केला होता. आठ महिने रोज संध्याकाळी त्या गाडीपाशी उभा होतो. पण लोखंडावर तो कुठे आहे ते दाखवा, असं म्हणायचं मला एकदाही सुचलं नाही.

"काका, गाडी झकास केलीय तुम्ही," साहेब म्हणाले. "पण ही तीच गाडी, हे मी कशावरून लिहू?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. "ता लोखंड कुसलेला होता, सायबानू. तसाच ठेवून वर रंग कसो मारूचो?" हे ते त्या साहेबांना सांगत होते, पण बघत माझ्याकडे होते. माझ्याकडे फोल्डर होता, फोल्डरमध्ये सगळे कागद होते, आणि त्यांतला एकही उपयोगाचा नव्हता.

नंबर नाही म्हणजे गाडी चोरीची असू शकते. नियमाने ती तिथेच जप्त व्हायला हवी होती. साहेबांनी केबिनमध्ये गाठोडं घेऊन बसलेल्या बायकडे पाहिलं आणि वाट काढली. चौकशी संपेपर्यंत गाडी राहत्या चाळीच्या आवाराबाहेर नेणार नाही, असं हमीपत्र द्या, गाडी घरी न्या. जामीनदार म्हणून कुणीतरी सही करायला हवी होती. मी केली. माझी सही चांगली आहे, वळणदार. त्या क्षणी मला तर आपण मोठी मदत करतोय असंच वाटत होतं.

कापलेला तुकडा मिळाला तर काही करता येईल, असं साहेबांनी जाता जाता म्हटलं होतं. भंगारवाला शेडमधला माल दारूखान्याच्या जुन्या लोखंडाच्या बाजारात देतो. काका तिथे गेले आणि पुढचे अकरा दिवस जात राहिले. एकदा मी बरोबर गेलो. फोडलेल्या जहाजांचे पत्रे, साखळ्या, सळया, दोन-दोन पुरुष उंच ढीग, आणि त्यांत हा सत्तरी ओलांडलेला माणूस एक हातभर तुकडा शोधत होता. उचलायचा, टकटक करायचा, ऐकायचा, ठेवायचा. तिथल्या मजुरांनाही त्यांची दया आली होती, कुणी हाकलत नव्हतं. मी पाण्याची बाटली घेऊन नुसता उभा राहिलो. बाराव्या दिवशी काका गेले नाहीत. तो माल केव्हाच भट्टीत गेला, असं भंगारवाल्याने सांगितलं होतं.

ऑफिसात आम्ही चार अर्ज केले. प्रत्येक अर्जाला पोच मिळाली. मी पोच फोल्डरमध्ये ठेवत गेलो. बाय विचारायची, काय झालं, आणि मी म्हणायचो, विचाराधीन आहे. तिला तो शब्द कळायचा नाही आणि दुसरा कुठला सांगायचा हे मला कळायचं नाही. तिचं जेवण कमी झालं होतं. गाठोडं मात्र तिने सोडलं नव्हतं.

एप्रिलच्या शेवटी गावाकडचा एक ट्रकवाला आंब्याच्या पेट्या घेऊन आला. परत जाताना ट्रक रिकामा होता. पिकअप चढवतो, वरून ताडपत्री टाकतो, सकाळी पायथ्याशी उतरवतो, म्हणाला. डोंगरावर कागद कोण मागतंय? काका त्याला घेऊन माझ्या दारात आले. त्यांनी मला काही विचारलं नाही. फक्त म्हणाले, "तुमची सही आसा त्येच्यार."

आज इतक्या दिवसांनी मी स्वतःला विचारतो, की मी तेव्हा 'घेऊन जा' का म्हणालो नाही. माझं काय झालं असतं? चौकीवर दोन खेपा, थोडी बोलणी, फार तर एखादी केस. पण माझ्या डोळ्यांसमोर माझी पेन्शन आली, माझं चाळीस वर्षांचं स्वच्छ रेकॉर्ड आलं, आणि मी म्हणालो, "बघू या. एवढ्यात उत्तर येईलच." ट्रकवाल्याने काकांकडे पाहिलं. काकांनी मान हलवली आणि त्याला चहा पाजून पाठवून दिलं. त्यांनी मला त्यानंतर एका शब्दानेही बोलून दाखवलं नाही. दाखवलं असतं तर बरं झालं असतं.

त्याच सुमारास चाळ पाडायला सुरुवात झाली. पुनर्विकास. मागची अर्धी चाळ खाली आली आणि विटा, लाद्या, तुळया, मोऱ्यांचे कठडे यांचा मोठा ढीग आवारात पडला. पुढच्या भागातल्या आम्हा लोकांना मेअखेर जागा सोडायची होती. मी डोंबिवलीला मुलाकडे निघालो. काकांना माहीमला एक भाड्याची खोली मिळत होती, पण गाडी आवाराबाहेर नेता येत नाही म्हणून ते बिल्डरच्या माणसाकडे मुदत मागत राहिले. तो माणूसही थकून हो म्हणाला. बाय श्रावणात गेली, तिथेच, त्यांच्या खोलीत. हे मला फोनवर कळलं. अस्थी घेऊन काका एकटेच घाटी चढून गेले होते, असंही कळलं. मला मात्र त्या दोघांचं शेवटचं दर्शन झालं ते त्याआधी, मेमध्ये, मी चाळ सोडली त्या रविवारी दुपारी.

माझा टेम्पो भरून झाला होता. ते लोखंडी कपाट सगळ्यात शेवटी चढवलं. निरोप घ्यायला मागे गेलो तर शेडचं दार सताड उघडं आणि आतून इंजिनाचा आवाज. सुट्टी असल्यामुळे पाडकामाची माणसं नव्हती. पिकअप बाहेर आली. तिने गावचे बूट घातले होते, जाड नक्षीचे टायर, आणि तिचं पोट जमिनीपासून बायच्या गुडघ्याएवढं उंच होतं. काका चालवत होते. शेजारी बाय बसली होती, नवं नऊवारी नेसून, मांडीवर गाठोडं.

गाडी ढिगाऱ्याकडे वळली आणि चढू लागली. तुळईवरून, मग आमच्याच मजल्याच्या एका उंबऱ्यावरून, मग विटांवरून. एकदा मागचं चाक हवेत गेलं, पण काकांनी गिअर बदलला आणि गाडी सरळ झाली. कुठेही पोट घासलं नाही. माथ्यावर, जिथे कधीकाळी पहिल्या मजल्याची गॅलरी होती तेवढ्या उंचीवर, त्यांनी गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं.

बायने खिडकीतून मान बाहेर काढून खाली बघितलं, पलीकडे गिरणीच्या भिंतीमागे बघितलं. मग नीट बसली आणि भावाला म्हणाली, "आमची घाटी येच्यापरास सोपी आसा रे."

स्टिअरिंगवरचा हात काढून काकांनी तिच्या गाठोड्यावर ठेवला. मी खाली उभा आहे हे त्यांना बऱ्याच वेळाने दिसलं. ते खिडकीतून थोडे वाकले आणि नेहमीच्याच आवाजात, माझी काळजी मिटावी म्हणून, म्हणाले, "सायबानू, गाडी आवाराच्या भायर गेली नाय हां."

मी मान हलवली. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.